स्कॉटलंडहून आलेली बंदूक

ती बंदूक मी एकदाच पाहिली, तीही दुकानाच्या काउंटरवर आडवी ठेवलेली. पण तिच्यामुळे जे घडलं ते अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीतली बाकीची प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मिसळत नाही.

आधी कामाबद्दल सांगते. मी पोलीस खात्यात होते, पण गणवेशातली नव्हते. इंग्लंडमध्ये ज्याला बंदूक बाळगायची असते त्याला पोलिसांचा परवाना लागतो. अर्ज आला की खात्याचं माणूस त्याच्या घरी जातं, घरच्यांशी बोलतं, बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवलंय का ते बघतं आणि अहवाल देतं. ते माणूस म्हणजे मी. बंदुकांच्या दुकानांची तपासणीही आमच्याकडेच असायची. माझी शाळा चौथीत सुटली. लग्न होऊन लीड्सला आले. तिथे मिस्टर हॉस्पिटलात नोकरीला होते. मी पोलीस स्टेशनच्या कँटीनमध्ये लागले, इंग्रजी तिथेच शिकले, मग चौकशीच्या खिडकीवर आले, मग आतल्या ऑफिसात. पुढे आम्ही दक्षिणेला मेडनहेडकडे राहायला आलो, तेव्हा हे परवान्यांचं काम मिळालं. मला चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो, अजूनही वाटतो. या कामात त्याचा फायदाच झाला. समोरची बाई गप्प बसली की लोक आपण होऊन बोलायला लागतात.

परवाना हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असायचा, जवळपास चांगलं दुकान कुठलं? खात्यातल्या माणसाने दुकानाचं नाव सुचवायचं नाही, असा नियम. मी एवढंच सांगायचे की दुकानदार तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते बघा. तुम्ही नेमबाजी कुठे करता, कुणाबरोबर जाता, कुठल्या डोळ्याने नेम धरता, यातलं काही न विचारता जो माल पुढे सरकवतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरा प्रश्न बाहेरच्या मालाचा असायचा. मनासारखी बंदूक स्कॉटलंडात किंवा वेल्समध्ये दिसली आहे, ती मागवता येईल का? येते. पण ती पोस्टाने घरी येत नाही. तिथला दुकानदार ती इथल्या नोंदणी असलेल्या दुकानदाराकडे पाठवतो. इथला दुकानदार माणूस आणि परवाना दोन्ही समोर बघतो आणि स्वतःच्या हाताने बंदूक देतो. मग पोलिसांना कळवलं जातं. एवढी मोठी व्यवस्था, पण शेवटी ती या एका दुकानदाराच्या नजरेवर उभी असते. असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण मी ते रोज बघत होते.

आमच्या भागात असा एक दुकानदार होता. सत्तरीच्या पुढचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. नदीकाठच्या लहानशा गावात त्याचं दुकान. एका बाजूला खाटीक, एका बाजूला फुलवाली. तपासणीला गेलं की आधी तो स्वतः चहा करायचा, आणि तो चहा म्हणजे रंगीत कोमट पाणी असायचं. आम्ही चहा उकळतो हे ऐकून त्याला माझी दया यायची. मला त्याची यायची.

त्याची एक ठरलेली पद्धत होती. बंदूक कुठूनही आलेली असो, गिऱ्हाइकाने ती त्याच्यासमोर दोन-तीनदा खांद्याला लावल्याशिवाय तो देत नसे. डोळे मिटून लावायची, मग उघडायचे. नजर बरोबर नळीच्या रेषेत आली तर ठीक. नाहीतर लाकडी दस्ता थोडा घासून, थोडा वाकवून तो तुमच्या मापाचा करून द्यायचा. तरुण गिऱ्हाइकं वैतागायची. मी तिथे बसलेली असताना एकजण म्हणाला होता, मी शिंप्याकडे आलोय की बंदूकवाल्याकडे? दुकानदार मान वर न करता म्हणाला, "शिंप्याची चूक झाली तर पँट उसवते. एवढाच फरक."

ही गोष्ट २००८ सालच्या सप्टेंबरची. शनिवारची दुपार होती आणि मला सुट्टी होती. या दुकानदाराचा घरी फोन आला. तो घरी कधी फोन करत नसे.

"मी आज एका गिऱ्हाइकाशी खोटं बोललो," तो म्हणाला. "दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा."

त्याने सगळं क्रमाने सांगितलं. एक भारतीय गृहस्थ, चाळिशीतले, फार सभ्य. त्यांनी स्कॉटलंडच्या एका दुकानातली वापरलेली दुनळी पसंत केली होती. ती याच्या दुकानात येऊन पडली होती. आज ते न्यायला आले. परवाना खरा, फोटो त्यांचाच, पत्ता बरोबर. याने बंदूक काउंटरवर ठेवली आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, खांद्याला लावून बघा. ते म्हणाले, गरज नाही. याने पुन्हा सांगितलं. त्यांनी ती दोन्ही हातांत आडवी घेतली, जशी आपण शेजाऱ्याची वस्तू जरा वेळ धरतो तशी, आणि विचारलं, आता नेऊ का?

"माणूस बंदूक विकत घेतो आणि ती वर उचलत नाही, असं मी पाहिलं नव्हतं," दुकानदार म्हणाला. "लहान पोरंसुद्धा आधी खांद्याला लावतात. म्हाताऱ्या बायका नवऱ्याच्या बंदुका विकायला येतात, त्यासुद्धा एकदा लावून बघतात. मग मी म्हणालो, हिची एक स्प्रिंग मला बरी वाटत नाही, उघडून बघावी लागेल, सोमवारी या. स्प्रिंग उत्तम आहे. त्यांनी कुठली स्प्रिंग एवढंसुद्धा विचारलं नाही."

सोमवारी दुकान उघडताना येतो असं सांगून ते गेले होते. तेव्हाही तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात पाठवा, असंही जाताना म्हणाले होते.

"कागद स्वच्छ आहेत," दुकानदार म्हणाला. "त्यांच्या घरी जाऊन तुम्हीच तर सगळं बघून आलात. मला फक्त एवढं सांगा की मी म्हातारा झालोय. मग मी सोमवारी देऊन टाकतो."

त्याने नाव सांगितलं आणि मला ते घर आठवलं. वर्षापूर्वी मी तिथे गेले होते. पुण्याकडचं जोडपं, त्यांना एक मुलगी. नवरा मेडनहेडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर आलेला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेमबाजी करायला जायचा. क्लबचीच बंदूक वापरायचा, पण पुढेमागे स्वतःची घ्यावी म्हणून परवाना काढत होता. मी मराठी आहे कळल्यावर दोन मिनिटांत मॅडमची काकू झाले. त्या घरात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती. फ्रिजवर कुंकवाचं स्वस्तिक, वॉशिंग मशीनवर स्वस्तिक, बाहेर गाडीच्या बॉनेटवरही पुसट झालेलं स्वस्तिक. जिन्याखालचं बंदुकीचं कपाट बघायला वाकले तर त्या रिकाम्या कपाटालाही हळद-कुंकू लावलेलं. बायको हसत म्हणाली होती, "काकू, आमच्याकडे टोस्टरसुद्धा मुहूर्तावर येतो. बॉयलर बिघडला तर यांनी पाडव्यापर्यंत थांबवलं. आम्ही गार पाण्याने अंघोळी केल्या." नवरा जरा लाजून म्हणाला होता, "बाबांची सवय आहे. लागली ती लागली."

दुकानदाराला मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. फोन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही काही उमगलं नव्हतं. बंदूक खांद्याला लावली नाही, असेल संकोची माणूस. मी स्वतः संकोची. दुकानात चप्पल पायात घालून बघायलाही मला लाज वाटते.

स्वयंपाकघरात आले. मिस्टर पातेल्यात चहाचं पाणी ठेवत होते, कारण आमची किटली आठवडाभर बिघडलेली होती. ते म्हणाले, अगं खालच्या दुकानात सेल लागलाय, आत्ता जाऊन किटली घेऊन येतो. मी त्यांना रोजचंच उत्तर दिलं की पितृपक्ष चालू आहे, घट बसले की आणा. ते म्हणाले, "इंग्लंडात पण तुझे पितर किटली मोजायला येतात का?"

आणि मी तिथेच उभी राहिले.

मी किटली आणू देत नव्हते. आणि ज्या माणसाने गार पाण्याने अंघोळी करून बॉयलर पाडव्यापर्यंत थांबवला, ज्याने रिकाम्या कपाटाला हळद-कुंकू लावलं, तो पितृपक्षात बंदूक आणायला गेला होता. सोमवारच्या पुढे थांबायलाही तो तयार नव्हता. दसरा दोन आठवड्यांवर होता. शस्त्र आणायला आपल्यात दसऱ्याहून चांगला दिवस नाही. त्याच्यासारखा माणूस असा दिवस कधीच सोडणार नाही. त्याने तो सोडला होता, कारण ही वस्तू त्याला आपली म्हणून घरात आणायचीच नव्हती. ती पुढे वर्षानुवर्षं वापरायची नव्हती, तिला कुंकू लावायचं नव्हतं. दुकानदाराला दिसलं होतं की त्याने बंदूक अंगाला लावली नाही. मला दिसलं की त्याने दिवस बघितला नाही. दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या होत्या आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबत होत्या.

मी आमच्या सार्जंटना फोन लावला. इंग्रज माणसाला पितृपक्ष समजावून सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, म्हणजे तुमचा तेरा तारखेचा शुक्रवार का?

मी म्हटलं, "नाही सार्ज. त्या शुक्रवारी तुम्ही घाबरता. या दिवसांत आम्ही घाबरत नाही. हे दिवस गेलेल्या माणसांचे असतात. त्यात स्वतःसाठी काही घ्यायचं नसतं."

सार्जंटनी विचारलं, "म्हणजे तो ही बंदूक स्वतःसाठी घेत नाहीये?"

"तो स्वतःसाठी काहीच ठेवत नाहीये, असं मला वाटतंय."

ते म्हणाले, परवाना कायदेशीर आहे, गुन्हा नाही, तक्रार नाही. हे कारण मी वर काय म्हणून सांगू? मी म्हटलं, सध्या काही सांगू नका, फक्त मला आज जाऊ द्या. सोमवारी तो दुसऱ्या दुकानात गेला तर तिथे आपलं कुणी नसेल. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती विचारणं त्यांचं कामच होतं. हा माणूस दुसऱ्या कुणाला इजा करेल असं वाटतं का? मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा ते म्हणाले, जा, पण एक कॉन्स्टेबल बरोबर न्या. तो गाडीतच बसेल. दारात गणवेश दिसायला नको. मला त्यांचं आजही नवल वाटतं. ज्या गोष्टीला त्यांच्या भाषेत नावसुद्धा नव्हतं, तिच्यावर विश्वास ठेवून त्यांनी शनिवारी संध्याकाळी माणूस बाहेर काढला.

दार बायकोने उघडलं. "अय्या काकू, तुम्ही? तपासणी आहे का? कपाट रिकामंच आहे हो, आत मी बटाटे ठेवलेत," ती म्हणाली. मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. नवरा मागच्या बागेत होता. काचेतून दिसत होता. गवत कापून झालं होतं आणि तो मशीन पुसत होता. फार व्यवस्थित पुसत होता.

मी कोचावर टेकले. म्हटलं, बंदुकीसंबंधी थोडं बोलायचं होतं, स्कॉटलंडहून आलेल्या.

"कुठली बंदूक?" ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पितृपक्षात?"

तो शब्द तिच्या तोंडून आला. मी तिला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिला पहिला प्रश्न पडला तो किती पैसे, कशाला, हा नाही. तिला तोच प्रश्न पडला जो मला किटलीपाशी पडला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. तिने खालच्या आवाजात सांगितलं की जुलैमध्ये सासरे गेले. तेव्हा यांचा पासपोर्ट होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे होता, व्हिसा वाढवण्यासाठी पाठवलेला. जाता आलं नाही. तेव्हापासून हे नीट वागतात, ऑफिसला जातात, सगळी कामं करतात. "रडले नाहीत. मला वाटलं, सावरले."

तो आत आला. मला बघून हसला, हात धुऊन येतो म्हणाला, आणि समोर येऊन बसला. बायको चहा ठेवायला गेली. स्वयंपाकघराचं दार तिने लोटलं नाही.

चौकशीत आम्हाला शिकवलेलं असतं की सोपे प्रश्न आधी विचारावेत. मी विचारलं, बंदूक कशासाठी घेतली? म्हणाला, क्लबसाठी. या वर्षी किती वेळा क्लबला गेलात? म्हणाला, कामाच्या गडबडीत जमलं नाही. प्रत्येक उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर होतं. लिहून घेतलं असतं तर कुठेही खोट सापडली नसती. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती जास्त बोलतात, मध्येच चिडतात, घड्याळाकडे बघतात. हा तसं काही करत नव्हता. हा खोटं बोलतच नव्हता. फक्त फार लांबून बोलत होता.

मी पुढचे प्रश्न सोडून दिले. बसून राहिले. आत चहा उकळत होता. आमच्या पद्धतीचा, आल्याचा वास येणारा. मग मी म्हटलं, "दसरा दोन आठवड्यांवर आहे."

त्याने मान वर केली. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं.

"तुमच्या लक्षात आलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, इथे कुणाला कळणार नाही."

त्यानंतर मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. तो सांगत गेला. वडील आजारी पडल्याचा फोन आला तेव्हा त्याने होम ऑफिसला फोन केला होता. पासपोर्ट परत मिळत होता, पण त्यासाठी अर्ज मागे घ्यावा लागणार होता. अर्ज मागे घेतला असता तर व्हिसा गेला असता, नोकरी गेली असती, मुलीची शाळा गेली असती. तो थांबला. वाटलं होतं, बाबा बरे होतील. नाही झाले. चुलतभावाने अग्नी दिला. भावाने मोबाइल चालू ठेवून खिशात घातला होता आणि हा ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून सगळं ऐकत होता. भटजींचा आवाज, मग लाकडांचा. मग भाऊ म्हणाला, झालं रे. आणि हा वर जाऊन मीटिंगला बसला.

"ॲप्लिकेशन विथड्रॉ केलं असतं तर पोचलो असतो, काकू. एक फोन करायचा होता. मी नाही केला. बाबांनी मला सगळं दिवस बघून करायला शिकवलं, आणि त्यांचा दिवस आला तेव्हा मी व्हिसा बघत बसलो."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती म्हणाली, "तो फोन करू नको असं मी म्हटलं होतं. तू एकट्याने नव्हतं ठरवलं. आपण दोघांनी ठरवलं होतं."

तिने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. माझ्यासमोर. एरवी कुणासमोर अशी बसली नसती.

आता आडून विचारण्यात अर्थ नव्हता. शिकवलेलं असतं की असा प्रश्न सरळ विचारावा, त्याने माणसाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, असलेलं बाहेर येतं. पण मराठीत ते शब्द मी कधी कुणाला उच्चारले नव्हते. मी विचारलं, "जीव द्यायचा विचार होता का?"

त्याने मान हलवली. हो म्हणून.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं, आणि त्या दिवशी मला नियमांचं बरं वाटलं. त्याने परवाना स्वतःहून माझ्या हातात दिला. सुट्टीच्या दिवशी असणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोघांना लगेच बोलावलं. या दोघांच्या ओळखीचं एक जोडपं मुलीला वाढदिवसाहून घेऊन स्वतःकडे गेलं. निघताना तो मला म्हणाला, तुम्ही एकट्या कशा आलात? मी म्हटलं, एकटी नाही, कॉन्स्टेबल बाहेर गाडीत आहे. तो खिडकीकडे बघून म्हणाला, "त्यांना चहा तरी द्यायचा ना." आणि बायको त्या सगळ्या गोंधळात उठून कॉन्स्टेबलला चहा देऊन आली. परतीच्या वाटेवर तो विचारत होता की चहात काय घातलं होतं.

सोमवारी सकाळी मी दुकानात गेले. बंदूक काउंटरवर होती, स्कॉटलंडला परत जायच्या खोक्याशेजारी. गिऱ्हाइकाची खासगी गोष्ट सांगायची नसते, म्हणून मी एवढंच सांगितलं की तो माणूस सुखरूप आहे आणि ही बंदूक घेणार नाही.

दुकानदार खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही."

"नाही," मी म्हटलं.

त्याने विचारलं की मला काय दिसलं होतं. मी पंधरवड्याबद्दल सांगितलं. या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात असं आमच्याकडे मानतात, म्हणून आम्ही नवीन खरेदी थांबवतो. तो काउंटरवर हात ठेवून ऐकत होता. वरती भिंतीवर त्याच्या वडिलांचा आणि आजोबांचा फोटो होता. दोघेही याच दुकानात उभे. त्याने एकदा तिकडे पाहिलं.

"मला वाटत होतं, शनिवारी मी ती बंदूक अडवली," तो म्हणाला. "काउंटरच्या या बाजूला मी एकटाच नव्हतो म्हणायचं."

मी देवभोळी आहे की नाही हे मलाच नीट माहीत नाही. पण तो असं म्हणाला तेव्हा माझीही नजर त्या फोटोंकडे गेली. मीही बसले. तो चहा करायला आत गेला आणि मी तो रंगीत पाण्याचा चहा पूर्ण प्यायले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं खात्यातल्या नव्या मुली विचारायच्या. मी त्यांना सांगायचे की परवान्यावरून कळतं, माणसाला काय करायची मुभा आहे. तो काय करणार आहे ते कळत नाही. ते कळायला तो रोज काय करतो ते माहीत असावं लागतं, आणि एक दिवस ते त्याने केलं नाही तर ते दिसावं लागतं. बंदुकांचं चांगलं दुकान म्हणजे असं बघणारं माणूस जिथे बसतं ते. तिथून कधीकधी रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

त्याचा पासपोर्ट नोव्हेंबरात आला. त्याने मला फोन केला. म्हणाला, आता जाऊन काय करू? मी म्हटलं, आई आहे ना. तो गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात आईला घेऊन आला. मला घरी बोलावणं आलं. मला जायचा फार संकोच वाटत होता, पण गेले. आई बुटकीशी, बोलकी. इंग्लंडचं ऊन तिला उन्हासारखं वाटत नव्हतं आणि सुनेने कपाटात बटाटे का ठेवलेत हे तिला समजत नव्हतं. तिला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. ती मला विचारत होती, तुम्ही याच्या ऑफिसात का? मी म्हटलं, नाही, मी सरकारी कामाला, परवाने बघते. "बरं, बरं," ती म्हणाली. तिला ते गाड्यांचे परवाने वाटले असावेत.

मग तिच्या गेलेल्या नवऱ्याचा विषय निघाला. मुलगा आणि सून एकदम गप्प झाली. तिने ते पाहिलं नाही. ती बशीत चकल्या वाढत होती.

"हा येऊ शकला नाही म्हणून लोक बोलले," ती मला म्हणाली. "मला काही वाटलं नाही हो. गेलेल्या माणसाला काय, कुणीही अग्नी देतं. हा आहे ना, तेवढं मला पुरे."

आणि तिने माझ्या बशीत आणखी एक चकली ठेवली.